पाटी नीलव्वाची, अळंबी माझी

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या एका घरातली तीन माणसे अळंबीची भाजी खाऊन आजारी पडली. ती अळंबी मंगळवारच्या बाजारात बसणाऱ्या कुंभारीच्या नीलव्वाकडून घेतलेली होती, हे सोलापुरात पुष्कळांना ठाऊक आहे. ती नीलव्वाने काढलेली नव्हती, हे मात्र गेल्या महिन्यापर्यंत दोघांनाच ठाऊक होते... तिला आणि मला. ती मी कापली होती आणि तिच्या पाटीत मीच ठेवली होती. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगले लिहावे, असा प्रघात आहे. नीलव्वाविषयी चांगले लिहायचे तर आधी स्वतःविषयी खरे लिहावे लागते, आणि तेच मी चार वर्षे टाळत आलो.

पाच आठवड्यांपूर्वी बाजारात तिच्या जागेवर तिची सून कस्तुरा एकटीच दिसली. "अव्वा कुठंय?" मी विचारले. "ऐतवारी गेल्या की, मास्तर," शेपूच्या जुड्या लावता लावता ती म्हणाली. "तीन दिस ताप होता. बोलत बोलत गेल्या." मी शेपूची एक जुडी घेतली आणि घरी आलो. शेपू आमच्या घरी कोणी खात नाही.

दुष्काळ सरल्यानंतरच्या पावसाळ्यात मी तिला प्रथम पाहिले. दोन वर्षे रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेली माणसे बाजारात हिरवे काही दिसले की थांबत. नीलव्वापुढे मात्र पळसाच्या पानांवर पांढऱ्या अळंबीचे वाटे मांडलेले होते. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. पन्नाशी गाठलेल्या शिक्षकाच्या आवाजात जो अधिकार येतो, त्या आवाजात मी तिला म्हणालो, "बाई, या कुत्र्याच्या छत्र्या आहेत. यातल्या कित्येक विषारी असतात. कशावरून ओळखता तुम्ही?" तिने मान वर न करता विचारले, "तुमी कशावरून वळखता?" मी सांगितले, की भाजीत चांदीचे नाणे टाकावे, काळे पडले तर विष. शिवाय किड्याने खाल्लेली असेल तर निर्धोक. तेव्हा तिने वर पाहिले. "किडा शेणबी खातो, मास्तर. तुमी खाणार व्हय?" शेजारच्या मिरचीवालीने पदर तोंडाला लावला. मी मास्तर आहे हे तिने कशावरून ओळखले, ते मी पुढे कधी विचारले नाही.

ती कशावरून ओळखते ते पाहायला त्याच रविवारी मी सायकल घेऊन कुंभारीला गेलो. गावाबाहेरच्या माळावर, ज्वारीच्या बांधालगत जुनी वारुळे होती. नीलव्वा प्रत्येक वारुळापाशी आधी टेकायची, हात लावून कानडीत काही पुटपुटायची, मग बोटांनी माती उकरायची. पावसाळाभर वारुळाच्या अंगणात लोखंड लावायचे नाही, असा तिच्या माहेरचा, मैंदर्गीकडचा नेम होता. खुरपे, विळा, सुरी ती बांधावरच ठेवून यायची. माझ्या हातातला पेन्सिलीचा चाकू पाहून तिने तो सरळ काढून घेतला आणि बांधावर खुरप्याशेजारी ठेवून आली. मी मनात हसलो. मला ती अंधश्रद्धा वाटली.

मग तिने मला एक अळंबी दाखवली. वरची टोपी मधोमध टोकदार, दांडा जमिनीत शिरलेला. "नोड्री मास्तर," म्हणजे बघा मास्तर, "हिचा पाय कुटं जातो त्ये बगायचं." आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून बोटांनी माती काढत गेलो. दांडा निमुळता होत मुळासारखा वीतभर, मग कोपरभर खाली उतरला आणि वाळवीच्या घरापाशी थांबला. "पाय वारुळात गेला तर आपली. वरच्यावर उपटून आली तर तिची ती ऱ्हाऊ द्या, कितीबी गोरी असू द्या." दुसरी एक होती गायरानात, तशीच पांढरी, तिच्याहून देखणी. तिला दांड्याभोवती कडे होते. "ही सरी घालून बसलीया. दागिन्याला भुलायचं न्हाय." मोठी झाली की तिच्या टोपीखालच्या पात्यांवर हिरवट छटा येते, पण कोवळेपणी त्या पांढऱ्याच असतात आणि तिथेच माणूस फसतो, हेही तिने मला सांगितले होते. मी वहीत लिहून घेतले होते. तिने सांगितले नव्हते म्हणून मी चुकलो, असे नाही, एवढे इथे नोंदवणे भाग आहे. लोखंड लावले की मूळ मातीत राहते आणि ओळख पटवणारी खूणच नाहीशी होते. त्या नेमातले विज्ञान मला तेव्हा दिसले नाही.

पुढच्या वर्षी मी स्वतःला शिकलेला समजू लागलो. श्रावणातल्या एका सोमवारी शाळा अर्धी होती. तिला न सांगता मी गायरानात गेलो, कोवळ्या, मिटलेल्या दहाबारा अळंबी चाकूने सपासप कापल्या आणि बांधावर आलो. नीलव्वा विहिरीवर पाणी प्यायला गेली होती. पाटी भरत आलेली होती. माझा वाटा मी पानांखाली सरकवला. ती आली की सांगायचे, बघा, आता मीही काढतो... असा विचार होता. ती आली, तिने पाटी डोक्यावर घेतली, आणि मी बोललो नाही. सांगितले तर ती पाटी उतरवून एकेक तपासील आणि हसेल, याची मला लाज वाटली. एवढेच कारण होते. चार वर्षे मी त्याला याहून मोठे कारण शोधत होतो, ते सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या वसंतरावांनी पाटीच्या तळाशी उरलेली सगळी अळंबी, वाटे न लावता, एकदम पिशवीत ओतून घेतली. संध्याकाळी घरातल्या तिघांना उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस दवाखान्यात काढून माणसे सुखरूप घरी आली, हे माझे नशीब. माझ्या पिशवीत एक अळंबी उरली होती, ती एव्हाना उमलली होती. तिची टोपी मी पांढऱ्या कागदावर पालथी घातली. सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडलेली होती. शास्त्राच्या शिक्षकाला याहून स्पष्ट पुरावा नको. मी कागद चुलीत घातला.

पुढच्या मंगळवारी गल्लीतले सातआठजण नीलव्वापुढे जाऊन उभे राहिले. मीही होतो. वसंतरावांनी वर्तमानपत्रात बांधून आणलेले, निवडताना टाकलेले देठ तिच्यापुढे टाकले. "बघ, काय विकलंस ते." तिने एक देठ उचलला. त्याच्या सपाट कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. तिच्या अळंबीला नेहमी मातीसकट मूळ असे. तिने मान वर केली आणि फक्त माझ्याकडे पाहिले. मग वसंतरावांना म्हणाली, "पाटी माजी हुती. काय बोलायचं त्ये मला बोला."

"पुन्हा इथं बसायचं नाही."

"हितंच बसणार. फुडल्या मंगळवारी या की, तुमच्यासमूर शिजवून खाते."

आणि तिने तसे केले. तीन विटा, एक पातेले, मीठ आणि मिरची. बाजार भोवती उभा असताना तिने भाकरीबरोबर ती भाजी सावकाश खाल्ली, बोटे चाटली, आणि मिरचीवालीला म्हणाली, "तिकाट जरा कमी झालं." कोणी विकत घेतली नाही. पुढे तिला 'विषवाली' हे नाव पडले. चार पावसाळे ती त्या नावाच्या नाकावर टिच्चून त्याच जागी बसली. शेपू, तांदुळजा खपे, अळंबी बहुधा तशीच परत जाई. कमी बसावे, दुसऱ्या पेठेत जावे, अळंबी तरी आणू नये, असे सुचवणाऱ्यांना ती म्हणे, "मी का म्हून?"

एकदा मी कुंभारीला जाऊन कबुली द्यायला तोंड उघडले. तिने मला वारुळापाशी बसवले. "मला सांगू नका. मला ठाव हाय. ज्यास्नी ठाव न्हाय त्यास्नी सांगा." थोड्या वेळाने म्हणाली, "आता बोटं घाला मातीत. चुकलेला मानूस लई नीट शिकतो." त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात तिने मला शिकवले. ती शिकवत राहिली आणि मी गप्प राहिलो. यातले अधिक अवघड काय होते, ते वाचकांनी ठरवावे. मात्र हे वाचून कोणी पिशवी घेऊन माळावर जाऊ नये. वहीत लिहून घेतलेले मलाही पुरले नव्हते.

कस्तुराने बातमी सांगितली त्याच संध्याकाळी पारावर वसंतराव म्हणाले, "गेली का ती विषवाली?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चार वर्षांत ते तिचे नावच झाले होते. मी त्यांना म्हणालो, "येत्या मंगळवारी माझ्याबरोबर बाजारात या. गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन या." का, असे त्यांनी विचारले, तेव्हा म्हणालो, "तिथंच सांगेन." माझी शाळा आहे, नाव आहे, निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत, असे पत्नीने रात्री जेवताना शांतपणे मोजून दाखवले. तिचे म्हणणे खोटे नव्हते. ज्यांना माझ्याकडे मुले पाठवायची नसतील त्यांनी पाठवू नयेत. एका निरक्षर बाईने एवढे बोल पेलले, तर साक्षराला तेवढे पेलायला काय हरकत आहे?

मंगळवारी ते आले. कस्तुरा नीलव्वाच्या जागी बसली होती. मी आयुष्यात वर्गाबाहेर कधी मोठ्याने बोललो नाही. त्या दिवशी बोललो. मिरचीवाली उठून उभी राहिली. वसंतरावांचा चेहरा प्रथम गोंधळला, मग उतरला, मग लाल झाला. त्यांनी मला जे ऐकवले ते त्यांच्या हक्काचे होते. मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी ती केली नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. मग मी कस्तुराकडे वळलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मास्तर, लोकं बगत्यात."

"बघू देत," मी म्हणालो. "त्यांच्यासाठीच बोलतोय. तुझ्या सासूनं कुणाला विष दिलं नाही. ती अळंबी मी कापली, मी तिच्या पाटीत लपवली, आणि तिला शिव्या बसत होत्या तेव्हा मी याच जागी गप्प उभा होतो. कस्तुरा, माझं चुकलं. अव्वा, माझं चुकलं."