रीनाचा बायोडाटा आणि साहेबांचं कुशल मार्गदर्शन

आंधळगावच्या दूध संकलन केंद्रावर मी रोज दोन वेळा जातो. घरी दोन म्हशी आहेत. दूध पोचवायचं निमित्त करून मी तिथल्या ओट्यावर पेपर वाचत बसतो, त्यामुळे केंद्र कोण चालवतं ते मला चांगलं माहीत आहे. केंद्रप्रमुख होते मधुकरराव. केंद्र चालवायची रीना.

रीना सहायक. पहाटे कुलूप उघडणं, प्रत्येकाच्या दुधाचं फॅट मोजणं, टाकी घासणं, ज्याच्या दुधात पाणी निघेल त्याच्याशी भांडणं, एवढंच सहायकाचं काम. प्रमुखाचं काम त्याहून अवघड. मधुकरराव ऊन तापल्यावर भंडाऱ्याहून यायचे, रुमालाने खुर्ची झटकायचे आणि विचारायचे, "काय म्हणते दूध?" दूध काही म्हणायचं नाही. मग चहा यायचा. माणूस तसा वाईट नव्हता. वाईट व्हायलाही थोडेफार कष्ट घ्यावे लागतात.

त्यांच्या आधीच्या दोन साहेबांनाही फॅटचं मशीन लावायला रीनानेच शिकवलं होतं. दोघेही शिकले आणि वर गेले. ही तिथेच राहिली. म्हणून डेअरीने मोहाडीला नवं मोठं केंद्र काढलं आणि प्रमुखपदासाठी कर्मचाऱ्यांकडून बायोडाटा मागवले, तेव्हा बाई पेटली.

"काकाजी, तीन साहेब शिकवून झाले. चौथ्याले मी नाही शिकवत. यावेळी खुर्ची मलेच पायजे."

बायोडाटा करायचं काम तिच्या नवऱ्याने, अतुलने अंगावर घेतलं. अतुल मोटार पंप दुरुस्त करतो. त्याने आयुष्यात एकच बायोडाटा पाहिला होता, तो रीनाच्या लग्नाचा. कपाटातून त्याने तोच काढला आणि पुढे नोकरीची वर्षं जोडली. उंची, रंग निमगोरा, मामाचं गाव, स्वयंपाकाची आवड, सगळं जागच्या जागी.

"याच्यावरच मले पसंत पडली ना तू? मंग कंपनीलेही पडशीन," असं त्याचं म्हणणं.

तो कागद चुलीत गेला. मग रीनाने स्वतः लिहिलं आणि मला दाखवायला आणलं. मला वाटलं, चला, आता कामाचं काही वाचायला मिळेल. कामं होतीही तशीच. गेल्या उन्हाळ्यात वीज गेली, जनरेटरही रुसला आणि टाकीतलं दूध तापायला लागलं. तेव्हा रीनाने मासोळीवाल्या श्यामलालकडून बर्फाच्या लाद्या उचलून आणल्या, दूध कॅनमध्ये काढलं आणि कॅन बर्फात उभे केले. गावाचं दूध वाचलं. पुढे आठवडाभर आम्ही दुधाला मासोळीचा वास येतो का म्हणून हुंगत होतो, पण वाचलं हे खरं.

कागदावर मात्र लिहिलं होतं: 'माननीय मधुकरराव साहेब यांच्या मार्गदर्शनाखाली वीज नसताना दूध वाचवले.' खालची ओळ: 'माननीय साहेबांच्या मार्गदर्शनाखाली महिलांचे दूध गट तयार केले.' त्याच्या खाली पुन्हा साहेब, पुन्हा मार्गदर्शन.

"अवो बाई, दूध तापत होतं तेव्हा तुहा साहेब नागपूरले लग्नात जेवून राहिला होता!"

"मालूम आहे मले. पण अर्ज त्याइच्या सहीनंच वर जाते ना, काकाजी. त्याइचं नाव नाही टाकलं तं सही काहून करतीन थे?"

आपल्याकडे गावात नालीवर फरशी बसली तरी कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली बसते. मधुकररावांनी अर्ज मन लावून वाचला. त्यांना तसं मन लावताना मी प्रथमच पाहिलं. मग पेन काढून त्यांनी प्रत्येक 'मार्गदर्शनाखाली'च्या आधी 'कुशल' हा शब्द घातला आणि झोकात सही ठोकली.

भंडाऱ्याला मुलाखत झाली. साहेबलोकांनी अर्ज पाहून विचारलं, "हे मधुकरराव एकटे एवढं कसं सांभाळतात हो?"

"खुर्चीवर बसून, जी," रीना म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नाही. साहेबलोक तिच्या साधेपणावर खूश झाले.

निकाल लागला. मोहाडीच्या मोठ्या केंद्राचे प्रमुख म्हणून मधुकररावांची निवड झाली. त्यांनी अर्जही केला नव्हता. करायची गरजच नव्हती, रीनाने इतका चांगला केला होता. आंधळगावची खुर्ची रिकामी झाली, पण तिथे बाहेरून कोणी तरी येणार असं कळलं. म्हणजे चौथा.

त्या दिवशी रीना टाकी घासत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला तिचा रागही आला आणि फार वाईटही वाटलं. मी पेपरात तोंड घातलं.

चौथा यायच्या आधी उन्हाळा आला. एका संध्याकाळी दुधाची रांग लागली असताना रीनाचा फोन वाजला. हात दुधाचे, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"रीना, मोहाडीची लाइन गेली! जनरेटरही चालू नाही होऊन राहिला. टाकी भरून आहे. काय करू?"

रांगेतल्या सगळ्यांनी कान टवकारले. रीनाने हातातला कॅन खाली ठेवला.

"मी काय सांगू, साहेब? मी तं सारं तुमच्याच मार्गदर्शनाखाली करत होती."

"मजाक नको करू! दूध नासून जाईन!"

दूध लोकांचं होतं, ते नासावं असं तिला वाटत नव्हतं. पण ती घाईतही नव्हती. "सांगते ना. पण पयले कंपनीच्या ग्रुपवर टाका, कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम चालू आहे थे."

त्या ग्रुपवर भंडाऱ्याचे सगळे साहेबलोक होते. मग रीनाचा फोन टिंग वाजला. तिने हात पुसले आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: 'माननीय रीनाबाई यांच्या मार्गदर्शनाखाली मोहाडी केंद्राचे दूध वाचवण्याचे काम सुरू आहे.'

"टाकलं ना! आता बोल लवकर!"

"कुशल राहिलं, साहेब."

मधुकररावांनी मेसेज पुसला आणि 'कुशल' घालून पुन्हा टाकला. मग रीनाने त्यांना श्यामलालचा नंबर दिला, आणि बर्फ कसा लावायचा ते एखाद्या पोराला समजवावं तसं समजवून सांगितलं. मोहाडीचं दूध वाचलं.

पुढच्या महिन्यात आंधळगावच्या केंद्रावर प्रमुख म्हणून रीनाच्या नावाची पाटी लागली. बायोडाटा कोणी मागितलाच नाही.