तिच्या वजनाचा गूळ

देव आहे की नाही, या प्रश्नाशी माझं कधी भांडण नव्हतं. तो ऐकत नाही, याच्याशी होतं. माझी सहा वर्षांची मुलगी कुसुम त्या वर्षी दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती. आधी सांधे सुजले, मग ताप आला, आणि तो ताप शेवटी तिच्या हृदयात जाऊन बसला. डॉक्टर भला माणूस होता. एके दिवशी त्याने गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आता तिला आवडेल ते खायला द्या." मी कारखान्यात लेथवर काम करणारा. सुताएवढा फरक माझ्या बोटाला कळायचा, पण या वाक्याचा अर्थ कळायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. बंगळुरातलं राजाजीनगर तेव्हा नुकतंच वसत होतं. अर्ध्या मातीच्या रस्त्यावरून मी सायकल हातात धरून चालत राहिलो. बसायचं भान नव्हतं.

आमच्या घराण्याला बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली म्हणतात. कुलदैवत तिकडे महाराष्ट्रात राहिलं, त्याचं दर्शन पिढीतून एकदा घडलं तर घडलं. रोजच्या अडीअडचणीला आम्ही इथल्याच देवांना हाक मारत आलो. बिळिगिरीच्या डोंगरावरचा रंगनाथ हा आईचा देव. म्हैसूरच्याही पलीकडे, हत्तींच्या रानात त्याचं देऊळ आहे. कुसुम उठून चालू लागली की तिच्या वजनाइतका गूळ तुझ्या पायाशी आणून ठेवीन, असं आईने त्याला बोलून ठेवलं होतं. गूळ घरून निघाला की वाटेत जमिनीला टेकवायचा नाही, ही आमच्या घरातली रीत.

मला थांबवेना. नवस आधीच फेडून टाकायचं मी ठरवलं. आई म्हणाली, "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. देव पावल्यावर नवस फेडतात रे, आधी नाही." मी ऐकलं नाही. आज कळतं, मला देवाचे हात बांधायचे होते. गूळ घेतलास ना, मग आता पोरगी दे, असं त्याला म्हणायचं होतं. सप्लायरशी बोलावं तसा मी देवाशी बोलत होतो.

कुसुमला चादरीत गुंडाळून जटक्यातून, म्हणजे टांग्यातून, गुळाच्या दुकानात नेलं. दुकानदाराने तिला मोठ्या तराजूच्या पारड्यात बसवलं. पारडं हललं तशी तिने साखळी धरली आणि कितीतरी दिवसांनी हसली. तिला तो झोपाळा वाटला. दुसऱ्या पारड्यात ढेपा ठेवायला सुरुवात झाली आणि काटा इतक्या लवकर मध्यावर आला की दुकानदार माझ्याकडे बघायचं टाळू लागला. मी म्हटलं, "अजून दोन ठेवा." त्याने निमूटपणे ठेवल्या. ती किती हलकी झाली आहे हे देवाला कळू नये, असं मला वाटत होतं. आपण कुणाला फसवतोय हा विचार तेव्हा मनात आला नाही.

निघायच्या दिवशी माझी बायको पद्मा दारात उभी राहिली. "जाऊ नका," ती म्हणाली. "ती सारखी तुम्हालाच विचारते." मी तिच्यासाठीच जातोय, असं मी जोरात म्हणालो. जोरात अशासाठी, की ते खोटं होतं. त्या खोलीत बसून कुसुमचा श्वास ऐकणं मला सहन होत नव्हतं. मी पळून चाललो होतो, आणि पळताना खांद्यावर देवाचं गाठोडं होतं म्हणून मला कुणी पळपुटा म्हणणार नव्हतं. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बरोबर दोन मित्र होते, दोघेही कारखान्यातले. व्यंकोबाअण्णा आमच्यातलेच, वयाने मोठे, चेष्टेखोर. दुसरा नागप्पा. त्याची सासुरवाडी त्या डोंगराच्या पायथ्याशी. तो कानडी, पण आमच्यात राहून मोडकंतोडकं मराठी बोलायचा. मंगळवारी सकाळच्या गाडीने म्हैसूर, तिथून बस, रात्री नागप्पाच्या सासुरवाडीला मुक्काम, बुधवारी डोंगर चढायचा, शनिवारची पूजा करून रविवारी उतरायचं, सोमवारी घरी, असा बेत होता. पिवळ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं गाडीत तिघांनी आळीपाळीने मांडीवर घेतलं. मंड्या गावाच्या सुमाराला अण्णांच्या पायाला मुंग्या आल्या तरी ते सोडेनात. म्हणाले, "राहू दे. आपलीच पोर आहे. स्वल्प जड झाली म्हणून काय झालं?" त्यांनी ती चेष्टाच केली होती. मी खिडकीबाहेर तोंड केलं. मुक्कामाला गाठोडं तुळईला टांगून ठेवलं.

बुधवारी वाट दाखवायला माद नावाचा सोलिग आला. सोलिग म्हणजे त्या डोंगरात राहणारे, मध गोळा करणारे लोक. रंगनाथाने त्यांच्यातलीच एक मुलगी बायको केली अशी त्यांची श्रद्धा, म्हणून ते देवाला मेहुणा म्हणतात, आणि मेहुण्याशी बोलावं तसंच त्याच्याशी बोलतात. मादने गाठोड्याकडे पाहिलं. "हरकेचं आहे," नागप्पा म्हणाला. हरके म्हणजे नवस. त्या मुलखात नवसाच्या गाठोड्यात काय आहे ते कुणी विचारत नाही, आणि बाळगणारा आपण होऊन सांगत नाही. मादने विचारलं नाही. आम्ही सांगितलं नाही. तिघांपैकी एकाने जरी 'गूळ' हा शब्द उच्चारला असता, तरी त्याने आम्हाला त्या वाटेने नेलं नसतं.

पहिले दोन तास बरे गेले. अण्णांना रानाचं भारी कौतुक. एका फांदीवर मोठी तांबूस खार दिसली तर ते लहान मुलासारखे थांबून बघत राहिले. पुढे सांबराची मादी वाट ओलांडून गेली. एरवी मीही रमलो असतो. त्या दिवशी मला प्रत्येक जनावराचा राग येत होता. यांची पिल्लं धावताहेत, आणि माझी का नाही, एवढं एकच मनात होतं. चढ वाढला, ऊन वाढलं, घामाने खांद्यावरचं फडकं भिजलं आणि गूळ पाघळून त्याचा वास सुटला. मला तो वास छान वाटला. देवाच्या जवळ आल्यासारखं वाटलं.

बांबूच्या बेटापाशी माद एकाएकी थांबला आणि त्याने हात आडवा केला. वाऱ्याने हलतो तसा बांबू हलत होता, पण वारा नव्हता. मग बांबू दोन्ही बाजूंना वाकले आणि हत्ती बाहेर आला. एकटा नर, एक सुळा अर्धा मोडलेला. आमच्यात आणि त्याच्यात पंधरा-वीस पावलांचं अंतर असेल. त्याने सोंड वर केली, इकडेतिकडे फिरवली, आणि ती माझ्या दिशेला येऊन थांबली.

"गाठोड्यात काय आहे?" मादने मागे न बघता विचारलं.

"गूळ," नागप्पा म्हणाला. त्याची पाचावर धारण बसली होती.

"खाली ठेवा. पाठ न दाखवता मागं या."

अण्णा आणि नागप्पा मागे सरकले. मी हललो नाही. याला कुणी धीटपणा म्हणू नये. खाली ठेवायचं म्हणजे जमिनीला टेकवायचं, आणि ते टेकलं की कुसुम गेली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या हातात गूळ नव्हताच. तराजूतून उतरवलेली ती होती. हत्ती दोन पावलं पुढे आला, कान पसरले, पुन्हा थांबला. त्याच्या पोटातली गुरगुर मला ऐकू येत होती. त्याच्या पापण्यांचे लांब केस दिसत होते. आणि आता जे लिहितो त्याची लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, येऊ दे. तुडवू दे. म्हणजे पुढचं काही बघावं लागणार नाही. पद्माचं काय, आईचं काय, हा विचार मनाला शिवलाही नाही. माणूस किती खाली जाऊ शकतो ते मी त्या वाटेवर पाहिलं.

मागून अण्णांचा आवाज आला, रडवेला. "अरे, ठेव रे बाबा. ठेव."

मी ठेवलं नाही. तेव्हा माद बोलला. आवाज न चढवता, शेजाऱ्याशी बोलावं तसा बोलला. "ते देवाचं आहे ना?"

मी मान हलवली.

"मग तुम्ही का धरून ठेवलंय?"

माझे गुडघे आपोआप वाकले. मी गाठोडं वाटेवर ठेवलं, फडक्याचा पीळ सरळ केला, झोपलेल्या मुलीवरचं पांघरूण करावं तसं, आणि पाठ न दाखवता मागे सरलो. मनात प्रार्थना नव्हती. 'ने', एवढंच होतं. कुणाला म्हटलं तेही मला ठाऊक नाही.

हत्तीने घाई केली नाही. सोंडेने फडकं सोडवलं, एकेक ढेप उचलून तोंडात घातली, खाली सांडलेला चुराही टिपला. मग वाटेवरच उभा राहिला, कुठे जायचं नसल्यासारखा. त्याच्या मागच्या बांबूत आणखी हालचाल होती. एक कळपच तिथे उतरला होता. माद म्हणाला, "आज वाट नाही. उद्याही मिळेल असं वाटत नाही." नागप्पा त्याला दुसऱ्या वाटेबद्दल विचारू लागला, तर माद मला म्हणाला, "तुमचं पोचलं. मेहुणा कधी कुठं भेटेल सांगता येत नाही. घरी जा."

लोक हे ऐकून हात जोडतात. मी जोडले नव्हते. मी घरी निघालो तो श्रद्धेने नाही, पार खचून. आधी फेडलेला नवस, तोही अर्ध्या वाटेत मोडलेला. जमिनीला टेकवलेला गूळ जनावराने खाल्ला, आणि देवाचं मी तोंडही पाहिलं नाही. गुरुवारी म्हैसूरहून परतताना मी अण्णांना म्हटलं, "मीच मारलं तिला." अण्णा एरवी प्रत्येक वाक्याला उत्तर देणारे. त्यांनी माझा हात धरला आणि बंगळूर येईपर्यंत सोडला नाही. घराकडे वळलो. दारापुढे माणसं जमलेली दिसतील, अशी मनाची तयारी मी करून ठेवली होती.

दारापुढे कुणी नव्हतं. दिवेलागण झाली होती. पद्मा उशाशी बसून वारा घालत होती. मला बघून ती बाजूला सरकली. त्या सरकण्याने माझ्यासाठी उशाशी जागा झाली, आणि जिथून मी पळालो होतो तिथेच येऊन बसलो. कुसुमने डोळे उघडले. "बाबा, देव कसा होता?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण खरं तेच बाहेर पडलं. "देव भेटला नाही गं. हत्ती भेटला. त्याने सगळा गूळ खाल्ला."

"सगळा?"

"खाली सांडलेलासुद्धा."

ती म्हणाली, "त्याला भूक लागली होती." आणि हसली. शुक्रवारी दिवसभर तिने ती गोष्ट माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतली. सोंड कशी फिरली, कान केवढे होते, व्यंकोबाकाका घाबरले का. ते फार घाबरले, असं मी दर वेळी वाढवून सांगायचो. तिचा श्वास तसाच होता. मी तो ऐकत बसलो, आणि ऐकता येतो हे मला कळलं. आईला मी सगळं सांगितलं, गूळ टेकला हेही. ती मला बोल लावेल असं वाटलं होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "जेवून घे."

शनिवारी दुपारी, जेवणवेळेच्या सुमाराला, माझ्या मांडीवर कुसुमने प्राण सोडला. ठरल्याप्रमाणे सगळं घडलं असतं तर त्या वेळी मी डोंगरावर पूजेच्या रांगेत असतो, आणि सोमवारी येऊन दाराशी तिची राख कुठे आहे, एवढंच विचारलं असतं.

यात देवाचा हात होता की हत्तीला नुसता वास लागला, यावर मी वाद घालत नाही. वाद घालायला बसलो तर मीच हरेन. दुःख कमी झालं असंही नाही. तिच्या वयाची मुलगी शाळेतून येताना दिसली की आजही, या वयात, ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहतो. कित्येक वर्षं मी देवाला रोज शिव्या दिल्या, आणि तरी रोज दिवा लावला. पण तेव्हापासून अटी घालायचं सोडलं. मूठ उघडायला मी स्वतःहून शिकलो नसतो. ती माझ्याकडून उघडवून घेतली गेली. पद्मा त्या दिवसांबद्दल कधी बोलली नाही. फक्त एकदा, पुष्कळ वर्षांनी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही होतात, ते बरं झालं."

देवळात कुणी विचारतं, इतकी वर्षं पूजाअर्चा करताय, देवाने तुम्हाला काय दिलं? मी सांगतो, गुरुवारची संध्याकाळ, एक शुक्रवार, आणि शनिवारचा अर्धा दिवस.