भीत भीत शिजवलेली भाजी

तळहातावर भाजीचा रस घ्यायचा, फुंकर मारायची, चाखायचं आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहायचं. "चालन ना तिले?" काका काकूंबद्दल विचारायचे.

रामदासपेठेत आमच्या समोरच्या दारात ते आणि काकू राहत. काका मूळचे काटोलचे. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव पुकारण्यात त्यांची उमर गेलेली, त्यामुळे लिफ्टमध्ये बोलले तरी वरच्या मजल्याला कळायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, बाहेर गर्जणारी आणि घरात पाण्याचा गिलासही हातानं न घेणारी.

काकूंना जुना मधुमेह, इन्सुलिन चालू. त्यात हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी सांगितलं, तेल-तिखट कमी, रात्री हलकं जेवण, भाज्या भरपूर. काकूंना ओट्याशी उभं राहवेना. काकांनी स्वयंपाकघर हाती घेतलं आणि त्यांचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

तेलाची बाटली ते विंचू धरल्यासारखी धरत. कुकरची शिट्टी झाली की दचकून मागे सरकत. पण दोडका, दुधी, पालक, कोहळं, जे मिळेल ते चिरून मुगाच्या डाळीत शिजवायचे, वरून मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरायचे आणि वाटी घेऊन माझ्या दारात उभे.

"छान झालंय काका."

"खरं सांग वं. मले भेव वाटते."

एका संध्याकाळी मात्र दार नुसतं वाजलं नाही, बडवलं गेलं. "पोरी, चाल लवकर! ती मले ओळखून नाही राहिली!"

मी धावले. काकू जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या, पदर घामानं भिजलेला, हात थरथरत होते. मला पाहून त्या म्हणाल्या, "आई, बैल सोडले का?" त्यांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मी कसाबसा डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "काय जेवल्या?" मी ताटात पाहिलं. उकडलेला दोडका, पालक. भाकर नाही, डाळ नाही. साखर वाढेल या धास्तीनं काकांनी त्या दिवशी तेवढंच वाढलं होतं, आणि इन्सुलिन नेहमीइतकंच दिलं होतं.

"शुद्धीत आहेत ना? गिळता येतंय? ताबडतोब साखरपाणी पाजा."

मी साखरेच्या डब्याकडे हात नेला तर काकांनी माझं मनगट धरलं. केवढी ती पकड! "साखर? येडी झाली का वं? साखर तिले मारन!"

"काका, साखर उतरलीय त्यांची. सोडा हात!"

ते सोडेनात. डोळे विस्फारलेले, ओठ पांढरे. माझ्याही मनात आलं, आपण ऐकलं ते चुकीचं असलं तर? मग काकूंची मान एका बाजूला कलली आणि काकांची पकड आपोआप सुटली. मी पाण्यात साखर ढवळली, काकूंची मान सावरून धरली आणि घोट घोट पाजत गेले. प्रत्येक घोटाला वाटे, हा आत जातोय की नाही. काका भिंतीला टेकून खाली बसले होते.

बऱ्याच वेळानं काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. "तुम्ही खाली काहून बसले? आन् रडून काहून राहिले?"

त्यानंतर काका गॅस पेटवेनात. "माह्या हातानं गेली असती," एवढंच म्हणायचे. शेवटी काकूच खुर्ची ओढून स्वयंपाकघरात बसल्या. "ठेवा तवा. भाकरीले इतकं भ्याचं नाही. भाजी भरपूर, डाळ, अन् अर्धी भाकर." काका थापायला लागले. भाकर फाटत होती, पण थापत होते. पुढे रोजचं जेवण असंच झालं. भीती मात्र त्यांच्या हातातून कधी गेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाजीच्या ठेल्याशी काका कोसळले, ते उठलेच नाहीत. आम्ही सगळे काकूंच्याच हृदयाची काळजी करत होतो.

पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी मी त्यांच्यासाठी जेवण घेऊन गेले. त्या जेवल्या. ताट उचलायला मी वाकले तर त्यांनी माझा हात धरला.

"मले काही झालं तं आता कोण धावन वं? थांबतं का थोडी?"

मी ताट तसंच ठेवलं आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली.