पेवातली बॅटरी

सटाण्याजवळच्या गावी मामाने स्वतःच्या खळ्यात जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय मांडलं होतं. जातं, पाभर, मोट, लाकडी मापं. सुट्टीत मी नाशिकहून जायचे आणि वस्तूंवर लावायच्या चिठ्ठ्या लिहायचे. बोलण्यापेक्षा ते बरं. तिथे सगळे अहिराणी बोलायचे आणि माझं मराठी ऐकून हसायचे.

त्या उन्हाळ्यात मामाने खळ्यातलं पेव उघडायचं ठरवलं. पेव म्हणजे धान्य साठवायची जमिनीखालची खोल कोठी. वर माणूस जेमतेम मावेल एवढंच तोंड. कित्येक वर्षं ते बंद होतं. शेजारच्या दोघांनी पहारीने तोंडावरची शिळा सरकवली. आतून आंबूस, गार वास आला.

मामाने दोरीला बॅटरी बांधून आत सोडली. तळाशी पिवळा गोल उमटला.

"उजेड शे ना! लाव रे शिडी," मामा म्हणाला.

तेव्हा मला आठवलं. आदल्याच दिवशी मी कंदिलाची चिठ्ठी लिहिली होती, मामानेच सांगितलेली: पेवात उतरण्याआधी हा पेटवून आत सोडत. विझला तर कोणी उतरत नसे.

बॅटरी कशी विझेल?

मामा कमरेपर्यंत आत गेला होता. "मामा, थांबा," मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही. तो आणखी एक पायरी उतरला. मी धावले, गुडघ्यांवर बसून त्याची कॉलर धरली आणि ओरडले, "वर या! आधी कंदील!"

"आमनी इंग्लिश मीडियम घाबरनी!" मामा हसला. शेजारीही हसले. "अगं, एवढा उजेड पडलाय, कंदील कशाला?"

"उजेडासाठी नाही. हवेसाठी. तुम्हीच सांगितलंत." मला रडू फुटलं होतं.

कुरकुरत तो वर आला. आम्ही घासूनपुसून मांडलेला कंदील एका शेजाऱ्याने काढून आणला, त्यात रॉकेल ओतलं, पेटवला. दोरी खाली जाऊ लागली. तोंडाशी ज्योत नीट होती. मग ती लहान झाली. आणखी लहान. मग नव्हतीच.

तळाशी बॅटरी मात्र तशीच लागलेली होती.

कोणी हसलं नाही. मामाने पाय पेवापासून लांब ओढून घेतले. "शिळा लावा," एवढंच म्हणाला. शिळा पुन्हा बसेपर्यंत मी त्याची कॉलर सोडली नाही, आणि त्यानेही सोडवून घेतली नाही.