जाऊबाई पास्ता खायला शिकल्या

आमच्या वडीगोद्रीत कुठल्या पदार्थाला चव आहे आणि कुठल्याला नाही, हे ठरवण्याचा अधिकार देवाने फक्त माझ्या मोठ्या जाऊबाईंना दिलेला आहे. बाकी आपण सगळे नुसतं पोट भरतो. हे मत माझं नाही, त्यांचं आहे. पण इतकी वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून संसार केल्यावर ते माझं कधी झालं, ते मलाच कळलं नाही. आमच्या चुली वेगळ्या आहेत, पण दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये सासऱ्यांनी एक खिडकी ठेवलेली आहे. मी शाळेत शिकवते, वर्गात पोरं माझ्यापुढे चळचळा कापतात, आणि घरी येऊन आमटीला फोडणी दिली की त्या खिडकीतून आवाज येतो, “करपली गं!” मग मी मुकाट्याने गॅस बारीक करते.

त्यांच्या नाकाची हकिगत आधी सांगायला हवी. महालक्ष्म्यांच्या सणाला आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कशालाही जीभ लावायची नाही, त्यामुळे त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक चव न बघता करायचा असतो. जाऊबाई नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा त्यांनी सासूबाईंना विचारलं, मीठ बराबर झालं हे कळायचं कसं? सासूबाई घाईत होत्या. “वासानं!” म्हणाल्या आणि पुरण वाटायला गेल्या. दुसरी कुणी असती तर तिला कळलं असतं की हा वैताग आहे. जाऊबाईंनी ते शब्दशः घेतलं आणि वासाने मीठ ओळखायला शिकल्या. तेव्हापासून सण असो नसो, त्या कशाची चव बघत नाहीत. पातेल्यावर वाकतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. निकाल बरोबर असतोच असं नाही. हसनाबादला माझ्या भाचीच्या लग्नात मांडवामागे आचाऱ्याच्या पातेल्याजवळून जाता जाता त्या थबकल्या. “वरणात मीठ न्हाई,” म्हणाल्या. टाकलंय, म्हणाला तो. “मंग वास कामून न्हाई?” त्यांच्या आवाजाला अशी काही जरब आहे की त्या बिचाऱ्याने आणखी मूठभर मीठ ओतलं. नवरदेवाकडची मंडळी पाणी पिऊन पिऊन बेजार झाली. आमचे व्याही अजून तो विषय काढतात. जाऊबाईंना यात स्वतःची काडीची चूक दिसत नाही. “त्यांनी मीठच बिनवासाचं आणल्तं,” असं त्यांचं म्हणणं आहे.

लोक प्रेमाने वाढतात, जाऊबाई रागाने वाढतात. त्यांच्या दारात आलेला माणूस न जेवता परत जाऊ शकत नाही आणि जेवताना त्याला सुखाने जेवताही येत नाही. लाइटच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस त्यांच्या ओट्यावर मांडी घालून पिठलं-भाकरी खाताना मी स्वतः पाहिलेला आहे. मी जेवून आलोय, असं तो काकुळतीला येऊन सांगत होता. “कवा जेवला ते इचारलं का मी? खा की! काय बघून राह्यला?” एवढ्यावर त्याने तिसरी भाकरी घेतली. दुसऱ्याच्या हातचं मात्र त्या स्वतः बिलकुल खात नसत. त्यात सोवळं-ओवळं काही नव्हतं, निव्वळ अविश्वास होता. कुठे जायचं म्हटलं की भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधलेला असायचाच, मग ते जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं असो की सख्ख्या भावाच्या पोराचं लग्न असो. भावाने एकदा विचारलं की अक्का, आमच्या घरचं विष आहे का? त्या म्हणाल्या, “विष नसंल, पण कच्चं असतंय.”

तर अशा बाईने पिझ्झा खायचं ठरवलं, आणि त्याला कारण झाला माझा पुतण्या.

मोठे दीर गेले, पुतण्या पुण्याला कंपनीत लागला, तिथेच लग्न करून राहिला. जाऊबाई घरात एकट्या उरल्या, आणि एकट्या बाईने रागाने वाढायचं तरी कुणाला? मग गेल्या वर्षी त्याचा फोन आला की सूनबाईला दिवस गेलेत. जाऊबाईंनी खिडकीतून मला हाक मारली, फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि लेकाला सांगितलं की बाळंतपणाला मी येणार. तो म्हणाला, “ये ना आई, पण इथलं सगळं वेगळं असतं. आम्ही दोघं कामाला, काहीबाही बाहेरून मागवतो. पिझ्झा, पास्ता असलं. तुला खाता आलं पाहिजे ना? नाहीतर तुझेच हाल.”

हा पोरगा माझ्या मांडीवर मोठा झाला आहे. शाळा बुडवायची असली की तो कसा बोलतो, हे मला माहीत आहे. हे नको म्हणणं होतं, फक्त तोंडावर नको म्हणायची हिंमत नव्हती, आणि आईच्या काळजीचं निमित्त हाताशी होतं. मला ते ऐकताक्षणीच कळलं आणि माझं डोकं तडकलं. जाऊबाईंना मात्र तो अभ्यासक्रम वाटला. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या, “एवढंच ना? मंग शिकते की. किती टाइम लागतोय?”

आमच्या अंगणवाडीताईंना असल्या पदार्थांची नावं माहीत होती, कारण त्यांची मुलगी संभाजीनगरला शिकते. रस्त्यावर ब्लाउजचं दुकान चालवणारी सुमन नुसत्या हौसेने तयार झाली. असं आम्हा चौघींचं ठरलं आणि एका रविवारी आम्ही सकाळच्या एसटीने संभाजीनगरला निघालो. जाऊबाईंनी आम्हाला घरून काही खाऊन यायची सक्त मनाई केली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पिशवीत भाकरी नव्हती. कारळाच्या चटणीची एक पुडी तेवढी होती. ती कशाला, विचारल्यावर म्हणाल्या, “त्या पोरांच्या जेवणात काय मिसळलं तर तोंडाला चव यील, ते बघाय नको?”

अंगणवाडीताईंनी आम्हाला काचेच्या दाराच्या एका गार हॉटेलात नेलं. आधी मोमो आले. जाऊबाईंनी ताटली उचलून नाकाशी नेली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुली हसल्या. “दिंडं हायेत की ही,” जाऊबाई म्हणाल्या. नागपंचमीला आपण पुरण भरून उकडतो तीच. “पुरण महाग झालं म्हणून कोबी भरली यांनी.” पण खाल्ले. मग पांढरा पास्ता आला. त्याच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. पहिला घास घेतला, गिळला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “खीर करून राह्यले होते, अन् मधीच घरात भांडण झालं वाटतं.” सुमनला हसताना ठसका लागला. जाऊबाई हसल्या नाहीत. त्या शेजारच्या मुलींकडे बघून काटा कसा धरतात ते पाहत होत्या, आणि तसाच धरून त्यांनी ती अख्खी ताटली संपवली. चटणीची पुडी सोडली होती, ती तशीच पुन्हा बांधून ठेवली. “सूनबाईपुढं असं पुडी सोडणं बरं दिसंल का?”

पिझ्झ्याचा वास घेतल्यावर मात्र त्यांनी वेटरला बोलावलं. मिशा पिकत आलेला माणूस होता. “भाऊ, दूध नासलंय ह्यातलं.” तो म्हणाला, मावशी, ते चीजच आहे, ते तसंच असतं. “आसंल, पण वास तर घे.” आणि त्याने खरोखर वाकून वास घेतला! मग जरा हसून म्हणाला, “तुम्ही जालन्याकडच्या का? मी भोकरदनचा.” झालं. जाऊबाईंनी त्याला जेवलास का विचारलं, बायकापोरं विचारली, आणि मग विचारलं, “माय कुठं असती?”

“गावाकडंच हाये.”

“इकडं आणली न्हाई?”

“खोली बारकी हाये मावशी. अन् तिला इथलं मानवत न्हाई.”

“शिकव की तिला,” जाऊबाई म्हणाल्या. “मी शिकून राह्यले. काय अवघड न्हाई.” आणि त्याच्या देखत त्यांनी पिझ्झ्याचा मोठा घास तोडला. चीजची तार हनुवटीपर्यंत लोंबली, ती त्यांनी पदराने पुसली. तो माणूस आत गेला. मी माझा तुकडा ताटलीत परत ठेवला.

परतीच्या एसटीत आडूळ सोडल्यावर जाऊबाईंनी पिशवी तोंडाशी धरली आणि ओकल्या. मी पाठ चोळली, सुमनने पाणी दिलं. चूळ भरून त्या ताठ बसल्या आणि आम्हाला बजावलं, “पिझ्झा राह्यलाय पोटात. निसता पास्ता गेला. दुसऱ्या बारीला त्योबी राहील.”

आणि दुसऱ्या खेपेला तो राहिला. आम्ही पुढे बऱ्याच वेळा गेलो. एसटीत बायकांना तिकीट अर्धं असल्याने घरचेही कुरकुरत नव्हते. मधल्या दिवसांत त्या घरी सराव करायच्या. सुमनने आणून दिलेली नूडल्सची पाकिटं उकळायच्या, काट्याने खायच्या, संध्याकाळची भाकरी त्यांनी बंद केली. जेवणाआधी वास घेणंही सोडलं. शहरात ते बरं दिसत नाही म्हणाल्या. खिडकीतून माझ्या फोडणीवर शेरा येईना, तेव्हा मला घर सुनं सुनं वाटायला लागलं. मी एकदा धीर करून म्हटलं, “अक्का, त्याने न्यायचं असेल तर भाकरी खाणारी आईसुद्धा नेईल हो.” त्या माझ्यावर अशा कडाडल्या की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. “तुला काय माहीत! त्येनं सांगितलंय मला.”

मुलगी झाली. फोन आला तेव्हा मी तिथेच होते. पुतण्या आनंदात होता. वजन, रंग, नाक कुणासारखं, सगळं सांगून झालं. जाऊबाईंनी विचारलं, “मंग कवा येऊ?”

“आई, आता हिची आई आलीये. त्या राहतील सहा महिने. जागाही नाही गं तेवढी. आणि तुला इथलं जेवण मानवणार नाही, उगाच त्रास.”

“मानवतंय मला,” जाऊबाई घाईघाईने म्हणाल्या. “पिझ्झा खाते मी. मोमो खाते. पास्ता बी खाते, पांढरा बी अन् लाल बी. काट्यानं खाते. इचार तुझ्या काकूला.”

तो खळखळून हसला. “काय आई तू पण! अगं, बाहेरचं खाणं केव्हाच बंद झालंय आमचं. हिची आई रोज गरम भाकरी करते. आमची मजा चाललीये.”

फोन हिसकावून त्याला चार शब्द सुनावायचे माझे राहून गेले, कारण जाऊबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. मग त्यांनी विचारलं, “कशाची करत्यात भाकरी?”

“ज्वारीची.”

“बाजरीची कराय सांग. बाळंतिणीला चांगली असती.” आणि फोन ठेवून त्या चुलीपुढचा ओटा पुसायला लागल्या. ओटा स्वच्छ होता.

मला पुतण्याचा अजून राग आहे आणि तो जाणार नाही. तो वाईट नाही, हे मला कळतं. पैसे पाठवतो, फोन करतो, नातीचे फोटो पाठवतो. पण एखाद्या बाईने तुमच्या तोंडच्या एका सबबीपायी आयुष्यभराची जीभ बदलावी आणि तुम्हाला ते वाक्य बोलल्याचीसुद्धा आठवण नसावी, याला काय म्हणायचं? जाऊबाई त्याच्याविरुद्ध एक अक्षर ऐकून घेत नाहीत, म्हणून मी हे इथे लिहिते आहे.

गेल्या महिन्यात आम्ही चौघी पुन्हा संभाजीनगरला गेलो. कशासाठी, ते कुणी कुणाला विचारलं नाही. त्याच हॉटेलात बसलो. जाऊबाईंनी मेनूकार्ड न बघताच पास्ता मागवला, वर चीज जास्त घालायला सांगितलं. नीट, सावकाश खात होत्या. मध्येच त्यांचा काटा थांबला. माझ्याकडे बघून त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, आता मला हे खरंच गोड लागाय लागलंय. आता काय करू?”

अंगणवाडीताईंनी वेटरला हाक मारून आणखी एक प्लेट सांगितली.