तेल चांगलंच होतं

गायकवाड सर घाण्यावर आले की आधी तेलाच्या धारेखाली बोट धरायचे. मग त्या बोटानं माझ्या स्टीलच्या टेबलावर एकमेकांना चिकटलेली चार कडी काढायचे आणि शेवटी एक वळवळती शेपूट. "वळख नागनाथ, काय हाय?" शाळेत त्यांच्या रसायनशास्त्रात मी कसाबसा पास झालो होतो. "कोलेस्टेरॉल, सर." "बरोबर. आता पुस, गिऱ्हाईक आलं."

मुरुडला माझा करडईचा लाकडी घाणा आहे. निवृत्त झाल्यावर सर रोज येऊन बसत आणि गिऱ्हाइकांना सांगत, "तेल शुद्ध हाय, मालक तेवढा भेसळीचा."

त्यांच्या कोपरांवर आणि टाचांच्या मागे पिवळट गाठी होत्या. लातूरच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल फार वाढल्याचं सांगून मटण-अंडी बंद केली. सरांनी ती त्याच दिवशी सोडली. मीही हौसेनं ताजं तेल, शेंगदाण्याची चटणी, तिळाचं कूट घरपोच देऊ लागलो. आकडा मात्र खाली येईना. सर म्हणायचे, "कोंबडीनं माझ्यावर केस करायला पायजे. फुकट बदनाम झाली."

छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांचं रक्त बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. निकाल कळला त्या दिवशी सरांनी पुन्हा तीच आकृती काढली, पण शेपटीला एक बारीक फांदी जोडली.

"हे तुझ्या करडईतलं, झाडाचं कोलेस्टेरॉल म्हण. जेवणातली चरबी रक्तात बारीक थेंबांनी फिरती. त्या थेंबांत कोलेस्टेरॉल असतं. यकृत ते थेंब उचलतं अन् रक्त मोकळं होतं. ही फांदीवाली आली की आतडं तिला दारातनंच परत लावतं. चुकून आत शिरली तर यकृत बाहेर काढतं. माझ्या अंगात ती परत जातच न्हाई, साठून राहिली. अन् साधी तपासणी दोघींनाबी कोलेस्टेरॉलच म्हणती."

"म्हणजे माझं तेल..."

"तुझं तेल चांगलंच हाय रे. माझी घडण वायली हाय, आईबापाकडनंच आलेली."

सरांची धाकटी बहीण प्रयागताई नांदेडला राहतात. ताईंच्याही कोपरांवर तशाच गाठी होत्या आणि त्यांच्या घरी तेल माझंच जायचं. हे तेल बंद कर म्हणून सरांनी फोन केला तर त्या हसल्या. "मास्तर, रिटायर झालास तरी शिकवूनच राहिलास." शेवटी सर मला घेऊन नांदेडला निघाले. "माझं ऐकत न्हाई. घाणेवाल्याचं ऐकल."

बसमध्ये मी ताईंचा विचार करत नव्हतो. त्यांच्या गल्लीतली निम्मी घरं माझी गिऱ्हाइकं होती. पोचलो तर शेजारच्या दोघी तेलाच्या डब्यांची वाट बघत बसलेल्या. सरांनी सगळं समजावलं. ताई माझ्याकडे वळल्या. "नागनाथभाऊ, खरं सांगा, तुमच्या तेलात दोष हाय का?"

"न्हाई ताई, तेल चांगलं हाय."

पुढचं वाक्य बोलायला मी आलो होतो. ते बोललो नाही. शेजारणी माझ्याकडेच बघत होत्या.

"ऐकलंस, दादा?" ताई म्हणाल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "हाव, चांगलंच हाय," म्हणाले आणि पाणी मागितलं.

परतीच्या वाटेवर ते रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. लातूर आलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या घाणा कधी चालू करतोस?"

गोळी आणि पथ्यानं सरांचा आकडा उतरला, पण हृदयाच्या नळ्या आधीच भरल्या होत्या. ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नांदेडहून ताई आल्या, त्यांच्या गल्लीतली माणसंही आली. वंदना झाल्यावर पंगत बसली. मी ताईंसमोर जाऊन बसलो आणि सगळ्यांदेखत बोललो, "ताई, तेल चांगलं हाय, पण तुमच्यासाठी न्हाई. सरांच्या अंगात साठलं तेच तुमच्या कोपरावर दिसतंय. तपासून घ्या."

ताईंनी पदर कोपरावर ओढला. "मग त्या दिवशी माझ्या घरात दादा खोटा पडला, तो कुणामुळं?"

त्यांनी ताट बाजूला सारलं, लेकाला हाक मारली आणि मला म्हणाल्या, "डॉक्टराचा पत्ता ह्याला सांगा. तुमी संगं येऊ नका."