गाडीखालचा सांडा

इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीखाली एसीचं पाणी ठिबकताना दिसलं की मला ते साहेब आठवतात. सरपटणाऱ्या प्राण्यांतले म्हणे मोठे तज्ज्ञ, आणि मी त्यांचा नोंदी लिहिणारा मदतनीस! जुलैत भर दुपारी वाळवंटात सर्व्हे, कारण सकाळी यांना झोप प्यारी. जागा व्हिलांसाठी घेतलेली. तिथे एखादा संरक्षित प्राणी सापडला तर बांधकाम अडणार होतं. बाहेर वाळू तव्यासारखी तापलेली, आणि साहेब गाडीच्या बंद काचेआडून दुर्बिणीने वाळवंट तपासत होते. "काही नाही. शून्य लिही," ते मला म्हणाले. मी लिहिलं. तेवढ्यात पाय मोकळे करायला उतरलेला आमचा चिपळूणकडचा ड्रायव्हर काचेवर टकटक करत ओरडला, "साहेब, गाडीखाली सांडा बसलाय! चांगला हातभर आहे, एसीचं पाणी चाटतोय!" साहेबांनी काच बोटभरही खाली केली नाही. "गाडीखालची जागा सर्व्हेत येत नाही. खलास," म्हणत त्यांनी हात लांब करून हॉर्न दाबला. काटेरी शेपूट फरफटत तो जाडजूड सरडा उन्हात पळाला. आज तिथे व्हिला आहेत. साहेबांना मी अजून शिव्या घालतो. पण ते शून्य मी पेन्सिलीने काढलं होतं, आणि खोडरबर माझ्याच खिशात होता.